दोघांची हवा

माझ्या मोठ्या भावाने आखातातली नोकरी सोडून परत येताना एक जपानी मोटारसायकल आणली होती. तिच्या मागच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या जोडीला हवा भरलेली असे. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला मी टायरच्या हवेबद्दल बोलतोय असं वाटतं, म्हणून आधी तेवढं नीट सांगतो.

मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप होते. दोन्हींना जोडणारी एक बारीक नळी होती, आणि त्या नळीचा एकच व्हॉल्व्ह सीटखालच्या झाकणाआड होता. गाडीवर वजन जास्त असेल तर तिथे हवा जास्त भरायची, कमी असेल तर कमी. दोघं बसणार असताना हवा कमी पडली, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी बुडाला जाऊन आदळायची. एकट्यासाठी हवा जास्त झाली, तर गाडी दगडासारखी कडक व्हायची आणि पाठीचा मणका न् मणका मोजून द्यायची. एकट्याला तीस पौंड, दोघांना बेचाळीस, हा आमच्या घरचा हिशोब होता. घरातून निघण्याआधी किती जण जाणार हे ठरवणं भाग होतं. दुसऱ्या कोणत्या गाडीने असा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

गाडी आली तेव्हाच जुनी होती. तिची सील थकलेली होती, आठवड्याला चार पौंड हवा जायची. ती भरायला पेट्रोल पंपावरचं यंत्र चालत नसे. आतली जागा जेमतेम पाण्याच्या पेल्याएवढी; त्या यंत्राचा एक झटका बसला की सील फुटलंच. म्हणून दादा सायकलच्या हातपंपाने हवा भरायचा. आमच्या नागपूरच्या उन्हात पंपाचं चामड्याचं वायसर वाळून जातं. ते मऊ राहावं म्हणून तो स्वतःच्या डोक्याला लावायचं आवळ्याचं तेल त्यात चार थेंब सोडायचा. त्यामुळे पंप मारताना अंगणभर आवळ्याच्या तेलाचा वास यायचा.

आणखी एक गोष्ट. व्हॉल्व्हवर मीटर लावून काढला की दर वेळी साधारण एक पौंड हवा निसटायची. जागाच एवढी लहान होती. दादा म्हणायचा, "हिची नाडी पाह्यली का थोडं रक्त जातेच."

मी वजनमापं तपासायच्या सरकारी कामात होतो. वाण्यांचे काटे, रॉकेलची मापं, काटोलच्या संत्र्याच्या बाजारातले मोठे तराजू. आमच्या कामाची एक रीत होती. कोणताही आकडा तीनदा घ्यायचा आणि मधला खरा धरायचा. त्यामुळे रविवारी सकाळी दादा-वहिनी बाहेर निघण्याआधी टेप धरून गाडी मोजायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते. आमच्या घराच्या बाजूला टिनाची शेड होती, तिच्याखाली गाडी. सीटखालच्या पत्र्यावर दादाने खिळ्याने एक रेघ ओढली होती. त्या रेघेपासून चाकाच्या नटापर्यंतचं अंतर मी मोजायचो. बेचाळीस पौंड भरले की रिकामी गाडी साडेतेरा इंच दाखवायची. मग दादा पुढे बसायचा, मी ओरडायचो, "पावणेतेरा!" मग तो वहिनींना हाक मारायचा.

"अवं, ये न. वजन लागून राहिलं."

"मी काय गव्हाचं पोतं आहो का?" वहिनी पोळपाटावरून उठून, पिठाच्या हातांनी यायच्या.

"पोतं परवडलं असतं. पोतं बोलत नाही."

"भाऊजी, आकडा जोरात नका सांगू हो. शेजारी ऐकतात."

त्या मागे बसल्या की गाडी अलगद खाली जायची. बरोबर बारा इंच. बारा आलं की हवा बरोबर. कमी-जास्त आलं तर पुन्हा पंप. साडेतेरा, पावणेतेरा, बारा. हे तीन आकडे माझ्या बायकोलाही पाठ झाले होते. ती स्वयंपाकघरातून आमच्याआधी ओरडायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दादा आणि वहिनी भिवापूरला जाणार होते. तिथे वहिनींच्या मावशी राहायच्या, आणि वर्षाच्या तिखटाची मिरची त्यांच्याकडूनच यायची. सकाळी आमचे तिन्ही आकडे झाले. बारा आलं. वहिनी पातळ बदलायला आत गेल्या, दादा अंगणातल्या वेताच्या खुर्चीवर बूट घालायला बसला. वहिनी बाहेर आल्या तेव्हा एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसऱ्या बुटाची नव्हती. तो पुढे वाकलेला तसाच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

गाडी शेडमध्ये होती, दोघांची हवा भरलेली.

त्यानंतर दोन-तीन महिने त्या गाडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, असं मी समजत होतो. माझ्या मात्र एक गोष्ट नजरेत भरली होती आणि मी ती मनातच ठेवली होती. आठवड्याला चार पौंड या दराने होळीच्या सुमारास तिची हवा अर्ध्याहून कमी व्हायला हवी होती, आणि मे लागेपर्यंत संपायला. सीट बरंच खाली यायला हवं होतं. ते आलं नव्हतं. येताजाता माझी नजर त्या सीटवर जायची; ते शेडच्या मागच्या भिंतीतल्या विटांच्या एका ओळीत असायचं आणि त्याच ओळीत राहायचं.

वहिनींना मूल नव्हतं. लग्नाआधी त्या शाळेत शिकवत होत्या. मेच्या सुरुवातीला भिवापूरच्या मावशी येऊन सांगून गेल्या की तिथल्या मुलींच्या शाळेत एक जागा आहे, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत, पण शाळा उघडायच्या दिवशी हजर व्हावं लागेल. नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. वहिनी मावशींचा पेला उचलून आत गेल्या. त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. जेवायला बसल्या तर भाकरी मोडून ठेवायच्या. घराबाहेर पाय टाकायच्या नाहीत. फक्त दिवेलागणीला शेडसमोरच्या पायरीवर जाऊन बसायच्या, ते अंधार पडेपर्यंत.

माझी बायको एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या गेल्या पाहिजेत जी. इथं राह्यल्या तर वर्षभरात आपल्याले त्यायलेही तसंच खुर्चीत पाहा लागन."

मी त्याच संध्याकाळी पायरीवर वहिनींच्या शेजारी जाऊन बसलो. नोकरीचं काढलं.

"मी नाही जाऊ शकत, भाऊजी."

"काहून?"

त्यांनी गाडीकडे हनुवटी केली. "थांबा थोडं. पाहा."

आम्ही थांबलो. घरातला दिवा लागला. समोरच्या प्लॉटवरची झुडपं काळी पडली. वारा नव्हता. आणि मग शेडमधून "सस्" असा हलका आवाज आला, आणि गाडीचं सीट खाली गेलं. हळूहळू नव्हे. माणूस बसल्यावर जातं तसं, एका दमात, आणि मग स्थिर.

"बसले," वहिनी म्हणाल्या. अगदी सहज. जसं आपण म्हणतो, दूधवाला आला.

मी उठून टेप आणला. रेघेपासून नटापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तिन्ही वेळा पावणेतेरा. सकाळी उठल्याउठल्या पुन्हा मोजलं, साडेतेरा.

मी दोन-तीन दिवस त्याच्यावर डोकं चालवलं. मेमध्ये आमच्याकडे टिनाच्या शेडखाली दुपारी हात लावता येत नाही असं तापतं. हवा तापली की फुगते, निवली की आकसते, त्यामुळे सीट थोडं वरखाली होणारच. जुनं रबर चिकटून धरतं आणि मग एकदम सुटतं, म्हणून झटका आणि आवाज. हे सगळं बरोबर होतं. मी कागदावर गुणाकार-भागाकार केले. एवढ्या उन्हाने फार तर दोन सूत फरक पडतो. आमच्या कामात इंचाचे आठ सूत धरतात. साडेतेरावरून पावणेतेरा म्हणजे सहा सूत. उरलेले चार सूत कुठून येत होते, ते मला सांगता आलं नाही. आणि दुसरं म्हणजे, निवल्यामुळे खाली जाणारी वस्तू पहाटे, सगळ्यांत थंड वेळी, आणखी खाली असायला हवी. ही पहाटे वर असायची.

मी वहिनींना तापमानाचं समजावलं. दोन सुतांचं तेवढं सांगितलं, चारांचंही सांगितलं. अर्धा हिशोब दाखवायची मला सवय नाही. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "असंन." आणि दुसऱ्या संध्याकाळी पायरीवर जाऊन बसल्या.

मग मी एक मेकॅनिक आणला. मोठा बोलका माणूस होता, येताच गाडीभोवती फिरून म्हणाला, "सायेब, ही तं म्हैस हाय, म्हैस! चारा काय देता?" सील पाहायला त्याला बराच वेळ लागला आणि तोवर दिवेलागण झाली. मी चुळीसाठी नळावर गेलो होतो, गाडीपासून चांगला दूर. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसून, मान खाली घालून नट चाचपत होता. रोजचाच तो हलका आवाज आला. वर न पाहता तो म्हणाला, "उतरा न जरा सायेब. बोजा आला तं पाना बसत नाही."

मी नळावरून म्हणालो, "मी इथं आहो."

त्याने मान वर केली. आधी रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग वहिनींकडे, त्या पायरीवर होत्या. त्याने पाने एकेक करून पिशवीत टाकले. फाटकापर्यंत गेल्यावर म्हणाला, "सील वाळले सायेब. खोला लागते. पयले हवा सारी काढून ठेवा, मंग बलवा मले." पुन्हा बोलावलं तेव्हा तो आला नाही.

सील वाळलेली असतील तर हवा टिकायला नको. म्हणजे आता हवा किती आहे ते मोजणं आलं. चार महिन्यांत मी मीटर लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं, व्हॉल्व्हची टोपी फिरवली आणि मीटर बसवला.

बेचाळीस.

आठवड्याला चार पौंड गमावणाऱ्या शॉकअपने चार महिन्यांत काही गमावलं नव्हतं. माझा विश्वास बसला नाही. हात आपोआप चालला. पुन्हा मीटर लावला. एक्केचाळीस. पुन्हा लावला. चाळीस. दर वेळी मीटर काढताना फुस्स झालं, आणि दर वेळी आवळ्याच्या तेलाचा वास आला. चार महिने बंद असलेला, तरी ताजा. नुकतीच आंघोळ करून, भांग पाडून कोणी शेजारून गेल्यासारखा.

मागून वहिनींचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं.

"तीनदा काहून, भाऊजी?"

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "यायनं भरलेली हवा आहे ती. त्या दिवशी सकाळी. यायच्या हातची तेवढीच राह्यली. आणि तुम्ही थोडी थोडी सोडून राहिले."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदराने व्हॉल्व्ह झाकला, जसं एखाद्याच्या उघड्या जखमेवर फडकं धरतात तसा, आणि मी टोपी बसवेपर्यंत तो धरून ठेवला.

त्या दिवशी मला नीट कळलं की त्या कुठे अडकल्या आहेत. इथून गेल्या तर संध्याकाळी येऊन बसणाऱ्यासमोर पायरीवर कोणी नसणार. आणि त्यांच्यामागे आम्ही कधीतरी गाडी खोलणार, हवा काढणार. हे त्यांना भुताटकीसारखं वाटत नव्हतं. घरच्या माणसाला जेवायला वाढण्यासारखं ते एक काम होतं, आणि ते टाकून त्या जायला तयार नव्हत्या. शाळा उघडायला आता थोडेच दिवस राहिले होते.

मी वेगळी तोड सुचवली. गाडीच भिवापूरला नेऊ. मी वहिनींना मागे बसवून नेतो, गाडी मावशींच्या अंगणात ठेवतो आणि एसटीने परत येतो. तिथे संध्याकाळी पायरी असेल, गाडी असेल, आणि दिवसा शाळा.

त्यांनी सीटवरची धूळ पदराने पुसली. "हवा काढायची नाही."

"नाही काढत. तीन पौंड कमी झाले, तेवढी वरून भरतो."

"मीटर एकदाच लावा."

"एकदाच."

"आणि पंपाले तेल यायच्या बाटलीतलं."

बाटली त्यांच्या कपाटात होती. बॅटरी चार्ज करून आणली, प्लग साफ केले, टायर पाहिले. निघायच्या सकाळी पंपाच्या वायसरमध्ये दादाच्या बाटलीतलं तेल सोडलं आणि हवा भरली. किती वेळा दट्ट्या दाबला की किती पौंड चढतात हे मला रविवारांमुळे माहीत होतं. मीटर एकदाच लावला. त्रेचाळीस दाखवले, आणि काढताना एक गेला. बेचाळीस.

आता रेघ तपासायची होती. मी टेप घेऊन चाकाशी बसलो. पुढे बसायला कोणी नव्हतं; माझ्या बायकोने हँडल धरलं, आणि वहिनी मागच्या सीटवर बसल्या, पुढची जागा सोडून, नेहमी बसायच्या तशा. चार महिन्यांत त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. त्या एकट्या बसल्यावर पावणेतेराच्या वरच, तेराच्या आसपास कुठेतरी आकडा यायला हवा होता.

टेपवर बारा होतं.

मी वर पाहिलं. पुढचं सीट रिकामं होतं. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते. एरवी मी आणखी दोनदा मोजलं असतं. त्या दिवशी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"बारा."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "चला."

माझ्या बायकोने हँडल सोडलं आणि पदर डोक्यावर घेतला. मी पुढे बसलो. बसताना, का कोण जाणे, "जरा सरक" असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

दिघोरीचा नाका ओलांडून आम्ही उमरेडच्या रस्त्याला लागलो. मी गाडी हळू चालवतो. दादा मला बैलगाडीवाला म्हणायचा. रस्ता खराब होता, पण गाडीने एकही खड्डा वहिनींपर्यंत पोचू दिला नाही. उमरेडला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी अख्खी कचोरी खाल्ली. मी मोजत नव्हतो, पण ते माझ्या ध्यानात राहिलं.

भिवापूरला पोचल्यावर त्या थेट शाळेत गेल्या. मी फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होतो. मुलींचा गलका आधी ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला, म्हणजे बाई वर्गात शिरल्या असणार.

संध्याकाळी मावशींच्या अंगणात आम्ही बसलो. गाडी तुळशीजवळ साइड स्टँडवर. मावशींनी दिवा लावला. आम्ही वाट पाहिली. मावशींना काही माहीत नव्हतं, त्या शाळेतल्या बायकांची माहिती सांगत होत्या. अंधार पडला. गाडी होती तशी राहिली. मी उठून टेप लावला, साडेतेरा. हवेचा आवाज नाही, काही नाही. फक्त एक गाडी.

वहिनी उठून गाडीजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "इथं नाही बसत ते. परक्या घरी त्यायले आवडत नव्हतंच." परत येऊन बसताना म्हणाल्या, "सकाळी घेऊन जा, भाऊजी. नागपूरलेच ठेवा."

"आणि तुम्ही?"

"मी शिकवते न."

सकाळी मी एकटा निघालो. रीतीने बारा पौंड हवा काढून तीसवर आणायला हवी होती. पण हवा काढायची नाही हे कबूल केलं होतं, म्हणून बेचाळीसवरच निघालो. एकट्याला बेचाळीस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दादा असताना मी एकदा चुकून तशी गाडी बाजारापर्यंत नेली होती आणि दोन दिवस वाकून चालत होतो. भिवापूरच्या वेशीवरच्या पहिल्या खड्ड्याला मी दात आवळून धरले.

गाडी मऊ गेली. दुसऱ्या खड्ड्यालाही. मोरीच्या उंचवट्यावरून ती हळूच उठली आणि हळूच बसली, मागे कोणीतरी असल्यावर बसते तशी. आधी वाटलं, हवा गेली असेल. पण हवा गेली असती तर ती आदळली असती. ती आदळली नाही. उमरेडला चहासाठी थांबलो नाही. वळणावर गाडी वाकवली की मागचं वजन माझ्याबरोबर वाकत होतं, आणि चांगल्या सवयीच्या माणसासारखं वाकत होतं, घाबरून उलट नाही. आरसा होता. मी त्यात पाहिलं नाही. नंदनवनपर्यंत मी मान वळवली नाही आणि वेग वाढवला नाही.

घरी आल्यावर मीटर लावला, एकदाच. बेचाळीस.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आवाज आला. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हटलं, "पावणेतेरा." मी टेप आणायला गेलो नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघांपैकी कोणीतरी थोडा वेळ पायरीवर जाऊन बसत असू. वहिनींनी सांगितलं नव्हतं, तरी ते काम आता आमचं झालं होतं.

दिवाळीला वहिनी आल्या. बांगड्या मनगटावर बसत होत्या. माझ्या बायकोबरोबर चकल्या पाडताना त्या वर्गातल्या एका मुलीची नक्कल करत होत्या आणि दोघी हसत होत्या. हे हसणं मी घरात कितीतरी दिवसांनी ऐकलं. वहिनी आल्यापासून सीट दिवसाही खालीच असायचं. दुपारी मी शेडजवळ होतो, तेव्हा त्या आल्या.

"एक विचारू? त्या दिवशी परत जाताना गाडी कशी गेली?"

मी काही वेगळं सांगू शकलो असतो. "मऊ गेली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. "म्हणजे मले सोडून परत आले ते. सोबत आले, पोचवलं, आणि परत आले." मग म्हणाल्या, "मले तिथं झोप लागून राहिली, भाऊजी. आधी वाईट वाटायचं का काहून लागते म्हणून. आता नाही वाटत."

त्यांनी स्वतःच सीटखालचं झाकण काढलं. "आता सोडा हवा."

"खरंच?"

"इथंच बसून राहतील नाहीतर. तुम्हा दोघांले रोज पायरीवर बसवतील. सोडा."

मी व्हॉल्व्हची टोपी फिरवली. डावा हात आधारासाठी सीटवर ठेवला होता. खिळ्याचं टोक व्हॉल्व्हच्या पिनवर टेकवलं, पण अजून दाबलं नव्हतं. हवेचा आवाजही नव्हता. त्याच क्षणी माझ्या हाताखाली सीट वर आलं. शांतपणे, पाऊण इंच, कोणी उतरल्यावर येतं तसं.

वहिनींनी ते पाहिलं. त्या मागे सरकल्या, आणि जाणाऱ्याला वाट द्यावी तशा शेडच्या खांबाला अंग चोरून उभ्या राहिल्या.

मग मी पिन दाबली. हवा निघायला लागली आणि निघतच राहिली, पेल्याएवढ्या जागेत इतकी असेल असं वाटलं नव्हतं. आवळ्याच्या तेलाचा वास अंगणभर झाला, आतून माझ्या बायकोने विचारलं, "कोण आलं जी?" सीट खाली खाली जात शेवटी टेकलं. वास पातळ झाला, मग फक्त चकल्यांच्या तळणीचा राहिला.

दिवेलागणीला आम्ही तिघं पायरीवर बसलो होतो. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू होणार होती, तिच्या आदल्या दिवशी वहिनी सकाळच्या एसटीने निघाल्या. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला सायकलने गेलो, त्यांची पिशवी हँडलला अडकवून. खिडकीतून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची मिरची मी पाठवीन." आणि बस उमरेडच्या रस्त्याला लागली.